डोंगर कुणी नावावर करतं का

‘फुकट मिळालेल्या जमिनी, म्हणून विकून खाल्ल्या,’ असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. परवा आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगीच म्हणाली. पोरगी गुणाची आहे, हिंजवडीला कामाला जाते, पाऊस आला की गच्चीवरचे माझे पापड न सांगता उचलून आणते. तिनं कुठंतरी वाचलं होतं, की कूळकायद्यात ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांनीच त्या भराभर विकल्या. ‘असं का केलं असेल हो मावशी?’ तिनं साधंच विचारलं होतं. पण मी अशी काही तडकले, की तिच्या हातातला चहा हातातच राहिला. फुकट कुणी दिली गं बाई? माझ्या आज्यानं त्या चिखलात कंबर मोडून घेतली, वर सरकारनं ठरवलेली किंमत हप्त्याहप्त्यानं भरली, ती काय फुकट? ती बिचारी ‘सॉरी मावशी’ म्हणून वर निघून गेली. मग माझं मलाच वाईट वाटलं. तिला उत्तर द्यायचं सोडून मी नुसती भांडले होते. उत्तर एका वाक्यात मावणारं नाही, हीच तर अडचण आहे. म्हणून बसून लिहिते आहे.

माझं माहेर रिहे खोऱ्यात, डोंगराच्या अगदी पायाशी. वाडीत घरं थोडी, सगळी भावकीतली. आमचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पुढं पडवी आणि पडवीतच बैल. आम्ही जेवायला बसलो की कुडापलीकडं त्यांचं रवंथ ऐकू यायचं, घंटा हलायची. घरापासून खाली ओढ्यापर्यंत भातखाचरं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरची खाचरं गणपतनानांची, म्हणजे माझ्या चुलत चुलत्यांची, आणि खालची आमची. पावसाळ्यात डोंगराचं पाणी आधी नानांच्या खाचरात यायचं, तिथून बांधाचं तोंड फोडून आमच्या वरच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्यात. पाणी पडायचा तो आवाज चार महिने घरात असायचा. सगळ्यांच्याच घरात असा आवाज असतो असं मला वाटायचं. लग्न होऊन इथं नांद्याला आले तेव्हा कितीतरी दिवस मला झोप लागली नाही. घर मुकं वाटायचं.

जेवण म्हणाल तर भात, भात आणि भात. पण भात आंबेमोहोराचा. आई चुलीवर आधण ठेवायची आणि तांदूळ वैरले की घमघमाट पार गणपतनानांच्या अंगणात जायचा. पेज वेगळी काढायची, त्यात मिठाचा खडा, वर लसणाची चटणी. पावसाच्या सुरुवातीला खेकडी. मी आणि माझा थोरला भाऊ संपत ओढ्यातले दगड उलटे करून धरायचो, आई त्यांचे बारके पाय पाट्यावर वाटून त्याचा रस काढायची आणि कालवण असं करायची की नाकाडोळ्यांतून पाणी. लावणीच्या दिवशी तर आमच्याकडं सगळी वाडी जेवायला. आमच्याकडं लावणी सावडीनं चालायची. आज सगळे मिळून नानांची लावणी करायचे, उद्या आमची, परवा तिसऱ्याची. मजुरी नाही, हिशेब नाही. ज्याची लावणी त्यानं जेवू घालायचं. बायका ओळीनं वाकून, पावसासाठी पाठीवर पानांची इरली घेऊन रोपं लावायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांची टवाळी करायच्या. माझी आई त्यात सगळ्यांत फटकळ. हसता हसता एखादी चिखलात बसायची तेव्हा आईला बरं वाटायचं.

आता डोंगराचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. आमच्याकडं भात नुसतं पेरून येत नाही. आधी रोपं करायची, आणि रोपांसाठी राब भाजायचा. म्हणजे उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांचे वाळलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वर माती दाबायची आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवून द्यायचं. हळूहळू धुमसत सगळं जळलं की जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, आणि पाऊस पडला की त्या राखेत पेरलेलं बी असं तरारून वर येतं की बघत राहावं. हे टहाळ, हा पाला, हे गवत यायचं घरामागच्या डोंगरउतारावरून. त्याला आमच्याकडं वरकस म्हणतात. बैलही तिथंच चरायचे. पाणी तिथूनच यायचं. खाली भातजमीन आणि वर वरकस, अशी ती एकच जमीन. एकाला दुसऱ्यापासून तोडलं की दोन्ही गेली. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. कायद्याला कळलं का नाही, देव जाणे.

आज्याच्या काळी सगळी जमीन पुण्यात राहणाऱ्या मालकांची. आम्ही त्यांची कुळं. पिकलं की भाताचा खंड त्यांच्या घरी पोचवायचा. खंड फक्त भाताचा. डोंगराचा खंड कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही. पाला आणायचा, गवत आणायचं, बस्स. मग कायदा झाला, कसेल त्याची जमीन. आज्याचे पाय तोवर गेले होते, म्हणून कचेरीत सुनावणीला माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते तेव्हा विशीतले, नुकतं मिसरूड फुटलेलं. साहेबानं एकेक तुकडा विचारला, हा कोण कसतं? आबा म्हणाले, आमी. हा कोण कसतं? आमी. मग साहेबानं डोंगराचा तुकडा विचारला. आबा म्हणाले, ‘न्हाई साहेब, डोंगर कोन कसतं व्हय? डोंगर काय नांगरायचा असतोय?’ साहेबानं पुन्हा विचारलं, तुमच्या वहिवाटीत आहे का, नीट सांगा, नावावर करायचा आहे का? तेव्हा आबा हसले. म्हणाले, ‘डोंगर कुणी नावावर करतं का?’

ही गोष्ट आबांच्या तोंडून मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल. ते मोठ्या ऐटीत सांगायचे. आपण सरकारपुढं खोटं बोललो नाही, जेवढं कसलं तेवढंच मागितलं, याचा त्यांना फार अभिमान होता. शेजारच्या वाडीत कुणी जास्त जमीन लाटली की म्हणायचे, ‘आमी न्हाई बा तसलं केलं.’ आणि खरंच, त्यांचं काय चुकलं? ज्याला त्यांनी नांगर लावला नाही ते आपलं कसं म्हणायचं? खाचरं आमच्या नावावर झाली. डोंगर कागदावर मालकांचाच राहिला. पुढं कितीतरी वर्षं त्यानं काही फरक पडला नाही. मालक कधी आले नाहीत, आम्ही पाला आणत राहिलो.

माझं नाव सुमन. घरात सुमे. वाडीतली पौडाच्या शाळेपर्यंत गेलेली पहिली मुलगी मी. रोज चालत जायची, चालत यायची. आमच्या शाळेत एकदा नर्सबाई सुया टोचायला आल्या होत्या, पांढरी साडी, हातात घड्याळ, मास्तरसुद्धा त्यांना ‘बाई बसा’ म्हणाले. तेव्हापासून माझं ठरलं होतं. आबांना सांगितलं तेव्हा ते वैरण टाकत होते. म्हणाले, ‘बारावी कर. मग घालतो तुला नर्शिंगला. ह्यो माझा शबूद.’ आई कुरकुरली, पोरीचं वय निघून जाईल म्हणाली. आबा म्हणाले, ‘शबूद दिलाय मी.’ आबांचा शब्द म्हणजे काय चीज होती ते वाडीला ठाऊक होतं. मी निर्धास्त झाले.

मी दहावीत असताना उन्हाळ्यात डोंगरावर माणसं आली. मोजणी झाली. मालकांच्या नातवानं अख्खा उतार विकला होता, पुण्याच्या कुठल्यातरी माणसाला, बंगले बांधायला. आम्हाला कुणी सांगायचं कारणच नव्हतं. कागद बघितला तर डोंगर त्यांचा, त्यांनी विकला. थोड्याच दिवसांत सिमेंटचे खांब उभे राहिले, काटेरी तार आली, आणि फाटकावर एक राखणदार बसला. कुठून तिकडून उत्तरेतून आलेला, बिचारा स्वतःच भेदरलेला. आई नेहमीसारखी कोयता घेऊन टहाळ तोडायला गेली तर म्हणाला, ‘अंदर नहीं आने का, माताजी.’ आईला हिंदी कुठली येतेय. ती म्हणाली, ‘आरं भाड्या, तुझा बा जलमायच्या आदीपास्नं मी हितं येतीय.’ तो हात जोडून नुसता ‘साहब मारेगा, साहब मारेगा’ म्हणत राहिला. आई मोकळ्या हातानं परत आली. तिला अशी मोकळ्या हातानं डोंगरावरून येताना मी पहिल्यांदा बघितलं.

डोंगरावरच्या कातकरवाडीतली भागी आमच्या दारात येऊन बसली. ती उन्हाळ्यात आम्हाला पाल्याचे भारे आणून द्यायची, बदल्यात आई भात द्यायची. तिची झोपडी तारेच्या आत आली होती, दुसरीकडं जा म्हणून सांगितलं होतं. ती आबांना म्हणाली, ‘आमाला न्हाय इच्यारलं. तुमाला तरी इच्यारलं का?’ त्या दिवसापासून आबांनी सुनावणीची ती गोष्ट सांगणं बंद केलं. आई मात्र उठता बसता ऐकवायची. ‘साहेब देत व्हता. पुढ्यात आनून ठिवला व्हता डोंगर. ह्यांनी हसून सोडला.’

त्या वर्षी राब धड भाजलाच नाही. भाताचा पेंढा, गोवऱ्या, बांधावरची चार झुडपं, जे मिळेल ते टाकून पेटवलं. भुरकन जळून गेलं, जमीन काही भाजली नाही. रोपं आली ती पिवळी आणि त्यांच्या दुप्पट तण. शेतकीचा माणूस म्हणाला, युरिया टाका. टाकला. रोपं हिरवी झाली आणि लावल्यावर लोळली. बैलांना चरायला जागा राहिली नाही. पेंढा होता तो राबात गेला, मग दावणीला घालायचं काय? बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. आबा दिवसभर विळा घेऊन रस्त्याच्या कडेचं गवत खरवडत हिंडायचे, लोकांच्या बांधावर गेले तर लोक ओरडायचे. एक दिवस बैल बाजारात नेले. परत आले आणि रिकाम्या पडवीत दावी गुंडाळत बसले. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, ‘त्यांनी मला वळून बघितलं न्हाई. बरं झालं.’ आणि मग ढसाढसा रडले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे सगळं जाणार.

पुढच्या पावसात पाणी गेलं. डोंगरावर बंगल्यांसाठी रस्ता कापला होता, त्याच्या कडेनं चर खणून सगळं पाणी पलीकडच्या ओढ्यात वळवलं. आमच्याकडं आला तो नुसता मुरूम. पहिल्याच मोठ्या पावसात नानांच्या वरच्या खाचरात गुडघाभर लाल मुरूम येऊन बसला. नाना कपाळाला हात लावून बांधावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. लावणीच्या आधीच त्यांनी जमीन विकली. त्यांच्यामागून आणखी दोघांनी. मी कुणाला दोष देत नाही. वरचं खाचर गेलं की खालच्याला पाणी कुठलं? आणि माणसं? सावडीला माणसं लागतात. ज्याची जमीन गेली तो दुसऱ्याच्या लावणीला कसा येईल, त्याच्या लावणीला तुम्ही कुठं जाणार? त्या वर्षी आमची लावणी आम्ही तिघांनीच केली, मी, आई आणि आबा. संपत पिरंगुटला कंपनीत लागला होता, त्याला रजा मिळाली नाही. आम्ही वाकून लावत होतो, आणि कुणी गात नव्हतं. आईनं एकदा सुरुवात केली, दोन ओळी म्हणाली आणि थांबली. अर्धी रोपं लावायच्या आधीच बांधावर सुकून गेली. कमरेत अशी कळ यायची की मी रडत रडत लावत होते, आणि आई माझ्यावर खेकसत होती, कारण तीही रडत होती.

लोक म्हणतात, पैसा बघितला आणि भुलले. भुलायला आधी पोट भरलेलं लागतं हो. आमच्याकडं पैसा बघायची वेळ आली तेव्हा जमीन नुसती कागदावर जमीन राहिली होती. हे आज रिह्याच्या रस्त्यानं गाडीतून जाणाऱ्याला कसं कळणार? त्याला तारेच्या आत हिरवळ दिसते. आमच्या खाचरांवर आज लॉन आहे, वर छत्र्या लावल्यात, आणि पाटीवर लिहिलंय ‘चुलीवरचं जेवण’.

तुकाशेट नावाचा एजंट खोऱ्यात फिरायचा. मूळचा आमच्यातलाच, खालच्या गावचा, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, तोंडात सतत ‘आबा, तुमी म्हनाल तसं’. तो आमच्या पडवीत यायला लागला. आई त्याला पाणीसुद्धा द्यायची नाही. त्या वर्षीच्या सुगीनंतर कणगी तळाला गेली आणि होळीच्या आत घरात विकतचा तांदूळ आला, रेशनचा, लाल, किडका. आईनं तो सुपात घेतला, पाखडायला लागली आणि मध्येच सूप खाली ठेवलं. ‘आपल्या घरात इकतचा तांदूळ,’ एवढंच म्हणाली. आबा चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, ‘तुकाशेटला बोलवू का?’ मला वाटलं आता आई फाडून खाईल. पण ती म्हणाली, ‘बोलवा. जीव तरी ऱ्हाईल.’ बस, एवढ्यावर आमची जमीन विकायची ठरली. माझी बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, मनात एक कोपरा असाही होता, की आता आबांना माझ्या नर्सिंगची सोय करता येईल.

कूळकायद्याची जमीन अशीच विकता येत नाही. सरकारची परवानगी लागते आणि परवानगीला कारण लागतं. तुकाशेटनं सगळं जुळवलं. म्हणाला, साहेबांपुढं एकदा हजर व्हावं लागेल, आणि सुमनला बरोबर आणा. मला का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, कागद वाचून सही करायला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, मी परकराऐवजी आईची साडी नेसले. कचेरीत भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिलो. आबांच्या कपाळावर घाम होता. सुनावणीनंतर ते पहिल्यांदाच साहेबापुढं उभे राहत होते.

साहेब तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, ‘बाबा, जमीन का विकताय?’ तुकाशेट तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी सांगायला सुरुवात केली. जसं माझ्याशी बोलावं तसं, पहिल्यापासून. ‘साहेब, आमच्याकडं राब भाजाय लागतोय बगा. राबाला पाला लागतोय. त्यो वरनं यायचा. वरचं गेलं. म्हंजी त्ये आमचं नव्हतंच, पर व्हतं. तवा पाला न्हाई, बैल न्हाई, पानीबी न्हाई...’ साहेब ऐकत होते, खरंच ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘पाला मिळत नाही म्हणून जमीन विकायची? असं कारण कसं लिहू मी, बाबा?’

मी आबांकडं बघितलं. सांगायचं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्यापाशी दुसरं कारण नव्हतंच.

‘साहेब,’ तुकाशेट पुढं सरकला, ‘पोरीचं लगीन हाय. ही काय पोरगी. संगंच आनलीय.’

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ‘हिचं लग्न? ठरलंय?’

‘ठरल्यात जमा हाय.’

‘तुम्हाला नाही विचारलं. बाबा, तुम्ही सांगा. मुलीच्या लग्नासाठी विकताय ना?’

आबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी आजवर विसरले नाही. मला वाटत होतं ते न्हाई म्हणतील. मला वाटत होतं ते हसतील आणि काहीतरी असं बोलतील की सगळं तिथंच मोडेल. पण आबांच्या मागं विकतचा तांदूळ होता. ते म्हणाले, ‘व्हय साहेब.’

साहेबांनी लिहून घेतलं. मला म्हणाले, ‘सुखाचा संसार कर, बाळ.’

एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर हातपायसुद्धा धुतले नाहीत. उंबऱ्यात उभे राहून आईला म्हणाले, ‘सुमीसाठी ठिकानं बघाय सुरू करा. पावसाच्या आत उरकायचं.’

आई हातातलं पीठ तसंच घेऊन उठली. एरवी माझं वय निघून जाईल म्हणणारी माझी आई, ती त्या दिवशी अशी भांडली की अंगणात माणसं जमली. ‘तुमी पोरीला शबूद दिलाता! बारावी झाली की घालतो म्हनला व्हता!’

‘त्यो घरातला शबूद,’ आबा म्हणाले. ‘ह्यो सरकारात दिल्याला हाय. साहेबानं लिवून घेतलंय.’

दुसऱ्या दिवशी तुकाशेट आला आणि हे ऐकून पोट धरून हसला. ‘अवो आबा, कोन बघाय येतंय? फाईल गेली कपाटात. समदे हेच सांगत्यात. ज्येला पोरगी न्हाई त्योबी पोरीचं लगीन सांगतोय.’ त्यानं सतरा उदाहरणं दिली. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. मग हळू म्हणाले, ‘तुका, एकदा सरकारपुढं खरं बोललो तवा डोंगर गेला. आता खोटं बोललो तर काय जाईल? माज्यापाशी आता काय ऱ्हायलंय जायला?’

मी आबांच्या पाया पडले. खरंच पडले, पडवीत, जिथं बैल बांधायचे तिथं. म्हटलं, आबा, मला जाऊ द्या, मी तुमच्या घरावर भार होणार नाही, साहेबांना सांगू लग्न मोडलं म्हणून. आबांनी मला उठवलं नाही, रागावलेही नाहीत. नुसते म्हणत राहिले, ‘लिवून घेतलंय गं पोरी. लिवून घेतलंय.’ मला त्यांचा राग आला. आजही येतो. ज्या माणसाचा डोंगर, पाणी, बैल, जमीन सगळं कागदानं नेलं, तो त्या कागदाला एवढा भ्यायला कसा, म्हणून येतो. आणि मग असंही वाटतं, त्या कागदाशिवाय दुसरं कशाला भ्यायचं होतं त्यानं? पण हे कळून राग जात नाही. साठी आली माझी, गेला नाही.

बारावीचा निकाल लागला तेव्हा माझ्या अंगाला हळद लागली होती. पास झाले होते, चांगल्या मार्कांनी. संपतनं पौडाहून येऊन सांगितलं. हळद लावणाऱ्या बायका म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, शकुन चांगला झाला.’ मुलगा नांद्याचा, घरची शेती, माणूस वाईट नव्हता. पुढं आयुष्यभर तो मला कधी टोचून बोलला नाही, हे त्याच्या पश्चात लिहायला हवं. पण भावकीत मात्र अजूनही म्हणतात, सुमीच्या लग्नापायी आबांची जमीन गेली. मी पहिल्या पहिल्यांदा भांडायची. सरकारी कागदातच तसं आहे म्हटल्यावर कुणाकुणाशी भांडणार?

लग्न दारातच लागलं. खाली खाचरांत नव्या मालकानं खुणेचे दगड पुरले होते, त्यामुळं मांडव अंगणातच आखडून घातला होता. आईनं आंबेमोहोराचा शेवटचा तांदूळ राखून ठेवला होता, तो त्या दिवशी शिजवला. पाहुणे बोटं चाटत जेवले. तुकाशेटही आला होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, नवऱ्याच्या हातात पाकीट देऊन पुढं पुढं करत होता. पाठवणीची वेळ झाली. आई माझ्या गळ्यात पडली आणि मला सोडेना. आबा कुठं दिसत नव्हते. मी मान वळवून बघितलं, तर ते मांडवाच्या कडेला तुकाशेटचा हात धरून उभे होते, आणि त्याला जाऊ देत नव्हते.

‘साहेबास्नी निरोप दे,’ ते म्हणत होते. ‘लगीन झालं म्हनावं. समद्या वाडीदेखत झालं. म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं न्हाई म्हनावं. देशील न्हवं? इसरू नकंस.’

‘देतो आबा,’ तुकाशेट म्हणाला, ‘उद्याच देतो.’ आबांनी त्याचा हात सोडला आणि मग ते माझ्याकडं आले. मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या चेहऱ्यावरून मोठं ओझं उतरलं होतं.

साहेबांची बदली परवानगीवर सही झाली त्याच महिन्यात झाली होती. संपतला ते माहीत होतं, तुकाशेटला माहीत होतं, आणि मांडवातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. आबांना कुणी सांगितलं नाही.